गाठीचे चाळीस रुपये

फाल्गुन उतरू लागला की आमच्या बडोद्यात दोन सण पाठोपाठ येतात. होळीला गुजराती घरांत धाणी, चणे, खजूर आणि साखरेचे हारडे येतात. पंधरा दिवसांनी तेच हारडे ‘गाठी’ हे नाव धारण करून मराठी घरांच्या गुढ्यांवर चढतात. साखर तीच, दोरा तोच, विकणाराही बहुधा तोच. केवळ नाव पालटते. कमाटीबागेत पिंपळाला तांबूस पालवी फुटलेली असते, कडुनिंब फुललेला असतो. वसंताचे आगमन कवींना कोकिळेच्या कूजनावरून कळते म्हणतात. आम्हांस ते मांडवीच्या आसपास उभ्या राहणाऱ्या हातगाड्यांवरून कळते.

या गाड्यांवर अलीकडे आणखी एक जिन्नस दिसू लागला आहे. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा एक कागद आणि त्याच्या शेजारी लहानसा बोलका डबा. २०१६ साली यूपीआयची पद्धत देशात सुरू झाली आणि पाहता पाहता ती भाजीच्या पाटीपर्यंत पोहोचली. मोबाइल त्या कागदापुढे धरावा, आकडा घालावा, की पैसे मिळाल्याचे डबा मोठ्याने सांगतो. ही सोय थोडीथोडकी नव्हे. सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत संपली. रुपयाच्या जागी गोळी हातावर ठेवणाऱ्या दुकानदाराचाही इलाज खुंटला. (तोंडी वजाबाकी करण्याचा आमचा सराव त्याबरोबर सुटला, हे गणिताच्या गुरुजींना सांगण्याची गरज नाही.) आम्ही यंत्राचे वैरी नाही. ज्या नगरीत १९०८ सालीच बँक ऑफ बरोडा स्थापन झाली, तेथील मुलांनी पैशाच्या नव्या वाटांना भ्यावे तरी का?

तथापि गेल्या पाडव्याच्या आदल्या संध्याकाळचा प्रसंग आमच्या मनातून जात नाही. आजीने गाठी आणण्यास पाठविले होते. एका गाडीवर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. आम्ही चाळीस रुपयांची गाठ निवडली आणि वडिलांचा मोबाइल पुढे केला. पडद्यावर चक्र फिरत राहिले. मग खात्यातून पैसे वजा झाल्याचा संदेश आला. डबा मात्र मुका. आम्ही संदेश त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो पाहिला, पण वाचला नाही. वाचता येत नव्हते. मागे गिऱ्हाइकांची दाटी झाली होती. “डबो नथी बोल्यो,” त्या हळूच म्हणाल्या, आणि लगेच, “वांधो नहीं दीकरा, तुं जा.”

“मासी, पैसे गेले आहेत हं,” असे ठासून सांगून आम्ही निघालो. त्या क्षणी आम्ही खोटे बोलत नव्हतो. रात्री मोबाइलवर दुसरा संदेश आला. व्यवहार पूर्ण झाला नव्हता. चाळीस रुपये खात्यात परत आले होते.

गाठ आमच्या घरी, पैसेही आमच्याच घरी! चुकले ते यंत्र, पण चुकीचा भार कोणावर पडला? ज्याने यंत्र बनविले त्याच्यावर नव्हे, आमच्यावरही नव्हे. आमची दमडी तर न मागता परत आली. भार पडला तो जिला संदेश वाचता येत नव्हता, तिच्यावर. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याच साली येथे खंडेराव मार्केटची इमारत उभी राहिली. बाजार आणि पाटी-पेन्सिल या शहरात एका वर्षाची भावंडे म्हणावीत. त्याला शंभरांहून अधिक वर्षे लोटली, तरी बाजारातल्या एका बाईला अक्षर भेटले नाही; आणि अक्षराच्या आधी तिला भेटला तो चौकड्यांचा कागद.

कोणी म्हणेल, चाळीस रुपयांचे एवढे काय? दुकानदाराला नसेल. पण वर्षातून मोजके दिवस चालणाऱ्या धंद्यात चाळीस रुपयांची गाठ विकून काय सुटत असेल, याचा हिशेब करून पाहावा. शिवाय आमचा आक्षेप रकमेपुरता नाही. त्या संध्याकाळचा व्यवहार यंत्राने पुरा केलाच नाही. तो त्या बाईंच्या शब्दावर पुरा झाला. त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिले आणि जाऊ दिले. एवढा भरवसा आम्ही तरी कोणावर टाकला असता काय? म्हणून आमचे मत असे की, हातगाडीवर डबा बोलेपर्यंत गिऱ्हाइकाने जागचे हलू नये; आणि खिशात थोडी रोकड असावीच. खोळंबा झाला तर तो आपण सोसावा.

दुसऱ्या दिवशी गुढी उभारल्यावर आम्ही चार दहाच्या नोटा घेऊन धावत गेलो. गाडी नव्हती. शेजारच्या फुलवाल्याला त्यांचे गावही ठाऊक नव्हते. यंदा होळीच्या आधी हारड्यांच्या गाड्या लागल्या, तेव्हा आम्ही चार संध्याकाळी तेथून फिरून आलो. त्या जागी उसाच्या रसाचे गुऱ्हाळ लागले आहे. नोटा अजून कंपासपेटीत आहेत. पाडव्याला अद्याप आठ दिवस आहेत.