हिशेबाच्या संगणकात मुभा किती असावी?

पेढीवरची कीर्द व खतावणी संगणकाच्या स्वाधीन होऊन आता एक पिढी लोटली. वहीपूजनास लाल कापडी बांधणीची वही अजून येते. वर्षाचा खरा हिशेब मात्र पडद्यावर असतो. तेव्हा ती प्रणाली कशी घडवावी, तिच्यात वापरणाऱ्यास फेरबदलाची मुभा किती ठेवावी, या प्रश्नावर अभियंत्यांइतकाच व्यापारीबंधूंनीही विचार करणे प्राप्त आहे.

आपल्या बहुतेकांच्या परिचयाचे उदाहरण टॅलीचे. गिरण्या व कारखान्यांस कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरविणाऱ्या श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या धंद्याजोगी हिशेबप्रणाली बाजारात मिळेना. म्हणून त्यांनी ते काम गणित शिकलेले आपले चिरंजीव भरत यांजवर सोपविले. १९८६ साली बंगळूरात या उद्योगाचा आरंभ झाला. त्या काळच्या अनेक प्रणालींत प्रत्येक खात्यास सांकेतिक क्रमांक द्यावा लागे. टॅलीने तो जाच काढून टाकला व खाते नावानेच उघडण्याची रीत आणली. मुनीमजीही खतावणीत नावच शोधीत. वापरणाऱ्याची रीत आधी ओळखली, म्हणून हा सोपेपणा साधला, असे आम्ही समजतो.

परंतु धंदे एकसारखे नसतात. औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यास बॅच क्रमांक व मुदतीची तारीख हवी. भुसार मालाचा व्यापारी पोत्यांत मोजतो आणि क्विंटलात भाव करतो. किरकोळ कापड दुकानदारास यांतले काहीच नको. सर्वांस सर्व रकाने दाखविले तर सर्वांनाच त्रास. म्हणून एफ११ व एफ१२ या कळांमागे फेरबदलाची सोय ठेवलेली आहे. पहिलीने पेढीस लागणारी अंगे चालू करावयाची, दुसरीने समोरच्या पडद्यापुरते बदल. ही व्यवस्था आम्हांस मूलतः योग्य वाटते. (श्रावकासही मुनीचे महाव्रत सांगितलेले नाही, परिग्रहाचे परिमाण स्वतः आखण्यास सांगितले आहे.)

तथापि मुभेची किंमत प्रणाली विकत घेताना दिसत नाही. बिलवार तपशील एकदा चालू केला की उधारीच्या प्रत्येक नोंदीस बिलाचा संदर्भ द्यावा लागतो. येण्यांच्या मागे असणाऱ्या पेढीस ते लाभाचे, रोखीच्या दुकानास निव्वळ कालापव्यय. शिवाय कोणती कळ कोणी, केव्हा, कशासाठी दाबली हे बहुधा कोणासच ठाऊक नसते. बसविणारा गृहस्थ बसवून जातो, कारकून नोकरी सोडतो, आणि मालक वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या आवडीप्रमाणे हिशेब लिहीत राहतो.

यावर उपाय म्हणून यंत्रानेच परस्पर निवड करावी, हेही आम्हांस मान्य नाही. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये क्वचित लागणाऱ्या आज्ञा आपोआप लपविण्याची युक्ती योजिली. यादी आखूड झाली खरी. पण काल हाताशी असलेली आज्ञा आज जागेवर नाही, अशी लोकांची गत झाली. २००७ च्या आवृत्तीत वर्ड, एक्सेल इत्यादींतून ती यादीपद्धतीच गेली.

काही बाबतींत तर मुभाच नसावी. कागदी रोजमेळात रोकड शिल्लक उणे होत नसे. गल्ल्यात नसलेला रुपया देणार कोठून? संगणकात ती उणे होऊ शकते, आणि त्याचा इशारा मिळावा की नको हीदेखील निवडीची बाब ठरते! हा इशारा बंद करण्याची सोय असता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीने प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवावी व ती नोंद बंद करता येऊ नये, असा केंद्र सरकारचा नियम लागू झाला. भागीदारीच्या व एकट्याच्या पेढ्यांस तो बंधनकारक नाही. तरी चोख वहीवर पत राखीत आलेल्या आपल्या मंडळींनी तो आपखुशीने पाळावा.

प्रणाली घडविणाऱ्यांकडे आमचे मागणे एवढेच : पेढीने मूळ रचनेत केलेले सर्व बदल एका पृष्ठावर, सुबोध मराठीत, तारखांसह छापून मिळावेत. तोवर प्रत्येक पेढीने वर्षारंभी मालकासमक्ष दोन्ही कळांमागची स्थिती कागदावर उतरवून घ्यावी, प्रत्येक बदलापुढे त्याचे कारण लिहावे, आणि नवा कारकून ठेवताना प्रथम तो कागद त्याच्या हाती द्यावा.