हॉलमधला समुद्र

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी भुईगावला आपाकडे गेलो होतो. भाचा दुबईहून सहा आठवड्यांच्या सुट्टीवर आलाय. घराचा वरचा मजला नुकताच बांधून झाला. जेवणं उरकल्यावर तो मला वर घेऊन गेला आणि नव्या हॉलच्या मधोमध खडूने आखलेला चौकोन दाखवला.

"मामू, इथे सहा फुटी रीफ टँक. खाऱ्या पाण्याचा. पोवळी, रंगीत मासे, सगळं. दुबईत आमच्या शेठच्या घरी पाहिला, तेव्हापासून डोक्यात बसलाय."

जिन्याखालून आपाचा आवाज आला, "भाई, त्याला जरा समजाव रे!"

समजावायचं काय? हे वेड मलाही आहे. लहानपणी ईदला नवे कपडे घालून अब्बा आम्हाला मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय आमच्या पिढीच्या कित्येक मुलांसाठी ईदचाच एक भाग होतं. म्हणून त्याला नाही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "याचं वजन किती भरेल?"

तो गप्प झाला. मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. तोच हिशोब इथे मांडतो, कारण हल्ली बऱ्याच घरांत हा शौक डोकावू लागलाय.

आधी वजन. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच म्हणजे २४ घनफूट. एका घनफुटात २८ लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. म्हणजे जवळपास ६८० लिटर. बारा मिलिमीटरची काच सव्वाशे किलोच्या आसपास. त्यात दगड, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालची फिल्टरची टाकी धरा. आकडा एक टनाच्या वर सहज जातो, आणि हे सगळं जेमतेम बारा चौरस फुटांवर. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलो वापराचा भार धरून बांधतात. इथे तो चौपटीहून जास्त होतो. स्लॅब लगेच कोसळेल असं नाही, पण हॉलच्या मधोमध ही जागा सगळ्यात वाईट. वरच्या मजल्यावर ठेवायचाच असेल तर भिंतीलगत, बीमच्या वर, आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशा पाहून हो म्हटल्यावरच. तळमजला उत्तम, पण तिथेही लादीखालचा भराव नीट दाबलेला आहे ना, ते बघून घ्यावं.

मग कायदा. हा भाग दुकानात कोणी सांगत नाही. सूरह रहमानमध्ये मोत्यांसोबत मर्जानचा उल्लेख येतो. मर्जान म्हणजे पोवळं. ते दगडासारखं दिसत असलं तरी जीव आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खडक बांधणारी पोवळी, समुद्रपंखे आणि समुद्री घोडे पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. ती पकडणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान तीन वर्षांची, सातपर्यंत जाऊ शकते. "परदेशातला माल आहे" असं सांगून कोणी तुकडा देऊ लागला तर आयातीचे आणि परवान्याचे कागद मागा. कागद नसतील तर हात लावू नका. मेलेल्या पोवळ्याचे पांढरे तुकडेही नकोत.

भाच्याला हे पटेना. "एवढ्याशा तुकड्यासाठी?" मी त्याला हाजी अलीची गोष्ट सांगितली. मुंबईच्या कोस्टल रोडचं काम निघालं तेव्हा हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर पोवळ्यांच्या छोट्या वसाहती सापडल्या. आपल्या त्या गढूळ पाण्यात! २०२० साली परवानग्या काढून शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली अशा अठरा वसाहती अलगद उचलल्या गेल्या आणि दुसऱ्या जागी लावल्या गेल्या. बहुतेक कुलाब्याच्या किनाऱ्याला गेल्या. एवढ्या मोठ्या रस्त्याला जे थांबून विचारावं लागलं, ते आपण हॉलच्या शोभेसाठी पिशवीत घालून आणायचं?

मग रीफ कसली? सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात. त्यांची कपारी-गुहांची रचना करता येते आणि काही महिन्यांत त्यांच्यावर जिवंत रंग चढतो. मासे मात्र हॅचरीत वाढवलेलेच घ्यावेत. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश आता आपल्याकडे हॅचरीत वाढवला जातो. मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्रात हे तंत्र विकसित झालं आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानची हॅचरी आहे. हा मासा नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. मुलांना एक गंमत सांगा: हे मासे सगळे नर म्हणूनच वाढतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो.

पाणी. "समुद्र तर पाच मिनिटांवर, ड्रम भरून आणू," असं भाचा म्हणाला. भुईगावच्या किनाऱ्याचं पाणी गाळाचं, वर खाडीचं सांडपाणी मिसळलेलं, आणि पावसाळ्यात खारटपणाही उतरतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही चालत नाही. आरओच्या शुद्ध पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम तयार समुद्री मीठ घालायचं. खायचं मीठ नव्हे. सहा फुटी टाकीला पहिल्याच भरणीला सुमारे २४ किलो मीठ लागतं. पुढे दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं. रोज पाणी उडतं, पण मीठ उडत नाही, म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. आरओतून वाया जाणारं पाणी गटारात सोडू नका. लादी पुसायला, गाडी धुवायला ठेवा. पाण्याचा इसराफ नदीकाठीही करू नये असं आपण मुलांना शिकवतो, ते इथेही लागू.

ऊन आणि वीज. या पाण्याला २५ ते २७ अंश लागतात. आपल्याकडे मे महिन्यात घरातलं पाणी तिशीच्या वर जातं, म्हणून चिलर आला. चिलर, दिवे आणि पंप मिळून दिवसाला आठ-नऊ युनिट धरा, म्हणजे महिन्याला अडीचशेच्या वर. बिल वरच्या टप्प्यात जाणार. पावसात वीज गेली की हवेचा पंप तरी इन्व्हर्टरवर हवा. वीज गेल्यावर वरच्या टाकीतलं थोडं पाणी खाली उतरतं, त्यासाठी फिल्टरच्या टाकीत जागा मोकळी ठेवा, नाहीतर हॉलमध्ये खरंच समुद्र होतो. खारं पाणी आणि वीज एकत्र म्हणजे ईएलसीबी हवाच. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळातून गळेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

शेवटी सबर. मी कित्येक वर्षांपूर्वी तीन फुटी टाकी केली होती. दुकानदार म्हणाला, "पाणी भरा, उद्या मासे सोडा." सहा मासे सोडले. आठवड्यात सहाही गेले. धाकटी दोन दिवस धड जेवली नाही. चूक मला नंतर कळली. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू दगडांत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत एकही मासा नको. किटने पाणी तपासायचं, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच पहिली जोडी सोडायची.

"सहा आठवडे?" भाचा म्हणाला. "तोवर माझी सुट्टी संपेल."

"तेच विचारतोय. तू गेल्यावर हे कोण बघणार?"

इतका वेळ चहाचे कप घेऊन दारात उभी असलेली त्याची बायको पहिल्यांदा बोलली. "दोन मुलं, अम्मींची औषधं आणि आता समुद्र. मला कोणी विचारलंय?"

कोणी विचारलं नव्हतं. खरा प्रश्न वजनाचा नव्हता, तो हाच होता.

संध्याकाळपर्यंत बोलणं झालं. ठरलं ते असं: टाकी चार फुटी, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, सुमारे अडीचशे लिटरची. तळमजल्यावर, जिन्यालगतच्या भिंतीला. पोवळं एकही नाही, क्लाउनफिशची एकच जोडी. बसवणं आणि पाणी भरणं भाच्याने जाण्याआधी करायचं. त्याच्या बारा वर्षांच्या लेकीने तपासणी शिकून रोज वहीत आकडे लिहायचे. आणि तिच्या अम्मीने "हो" म्हटल्याशिवाय मासा घरात येणार नाही.

निघताना पाहिलं, तर भाचा वर जाऊन ओल्या फडक्याने खडूचा चौकोन पुसत होता. लेक खाली नव्या वहीवर रेघा मारत होती: तारीख, खारटपणा, अमोनिया. मासे येतील तेव्हा बाप दुबईला असेल. व्हिडिओ कॉलवर दाखवीन, असं ती म्हणाली. इन्शाअल्लाह.