बँड सोडला, अल्बम काढला: चाहते नेमके कशावर भांडतात?

तीर्थपुरी (जि. जालना) : चहाच्या टपरीवर मोबाइल मध्ये ठेवलेला, दोन कप संपलेले आणि वाद मात्र चालूच. विषय एकच गाणं, 'आदत'. एक म्हणतो, हे आतिफ अस्लमचं गाणं. दुसरा म्हणतो, गाणं 'जल' बँडचं आहे, आतिफ नुसता गायला. घनसावंगी तालुक्यातल्या ज्या पिढीने मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात गाणी भरून घेतली, त्या पिढीला हा वाद नवा नाही. तेव्हा फाइलवर गायकाचं नाव असायचं. चाल कुणाची, गिटार कुणी वाजवली, हे कुठेच नसायचं.

बँडमधला एखादा कलाकार बाहेर पडून स्वतःचा अल्बम काढतो, तेव्हा जगभर चाहत्यांचे असेच दोन गट पडतात. वरवर हा आवडीनिवडीचा वाद वाटतो. प्रत्यक्षात प्रश्न असतो तो श्रेयाचा, आणि श्रेयामागून येणाऱ्या पैशांचा. तीर्थपुरीसारख्या गावातल्या गायन पार्ट्यांनाही तो तितकाच लागू होतो. कसा, ते समजून घेऊया.

'आदत'चं प्रकरण काय होतं?

गिटारवादक गोहर मुमताज आणि गायक आतिफ अस्लम यांचा 'जल' हा लाहोरचा बँड. 2003 मध्ये 'आदत' हे गाणं इंटरनेटवरून पसरलं आणि बँडचं नाव झालं. नाव होताच दोघं वेगळे झाले. 2004 मध्ये आतिफचा 'जलपरी' हा एकल अल्बम आला. त्याच वर्षी 'जल'नेही फरहान सईद या नव्या गायकाला घेऊन अल्बम काढला आणि त्याचं नावच ठेवलं 'आदत'. 'आदत' आणि 'वो लम्हे' ही गाणी दोन्हीकडे होती. 2005 मध्ये 'जहर' आणि 'कलयुग' या हिंदी चित्रपटांमुळे आतिफचा आवाज आपल्याकडे घरोघरी पोहोचला. बहुतेकांनी गाणं याच आवाजात आधी ऐकलं, त्यामुळे गाणंही त्याचंच ठरलं.

पण 'जल' संपला नाही. 2007 मध्ये त्यांचा 'बूंद' हा पुढचा अल्बम आला. गायक गेला म्हणजे बँड गेला, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं.

चाहत्यांच्या मापात गडबड कुठे होते?

एकल अल्बम आला की चाहता तो आधीच्या बँडच्या शेजारी ठेवतो. बँडसारखा वाटला तर म्हणतो, "हे तर जुनंच." वेगळा वाटला तर म्हणतो, "आधीची मजा राहिली नाही." म्हणजे कलाकाराने काहीही केलं तरी निकाल ठरलेला. हे माप चुकीचं आहे. विचारायचं असेल तर हे विचारायला हवं: बँडमध्ये राहून या माणसाला जे करता आलं नसतं, ते त्याने इथे केलं का?

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण बीटल्सचं. 1970 मध्ये हा बँड फुटला आणि त्याच वर्षी चौघांचेही स्वतंत्र अल्बम आले. पॉल मॅकार्टनीच्या अल्बममध्ये जवळपास सगळी वाद्यं त्याने स्वतः वाजवली होती आणि बराचसा भाग घरीच रेकॉर्ड केला होता. समीक्षकांना तो अर्धवट वाटला. जॉर्ज हॅरिसनची गोष्ट उलटी. बीटल्सच्या एका अल्बममध्ये त्याच्या वाट्याला जेमतेम एक-दोन, फार तर काही गाणी यायची. बाकीची साठत गेली. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे गाणं त्याने जानेवारी 1969 मध्ये बँडसमोर मांडलं होतं, पण बीटल्सच्या अल्बममध्ये ते आलं नाही. नोव्हेंबर 1970 मध्ये त्याच नावाने त्याचा अल्बम आला, तो थेट तीन तबकड्यांचा. 'शांत बीटल' म्हणून ओळखला जाणारा माणूस अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. बँडमध्ये त्याला जागा नव्हती, एवढंच.

गोव्यातल्या शिवोलीत काय घडलं?

आपल्या जवळचं उदाहरण रेमो फर्नांडिस यांचं. मुंबईत जे. जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकत असताना, 1970 च्या दशकात, ते 'द सॅव्हेजेस' या मुंबईच्या रॉक बँडमध्ये होते. तेव्हाच्या बहुतेक बँडचा धंदा इंग्लंड-अमेरिकेतली गाजलेली गाणी हुबेहूब वाजवण्यावर चालायचा. रेमो पुढे गोव्यात परतले आणि 1984 मध्ये त्यांनी 'गोअन क्रेझी' हा अल्बम काढला. गाणी इंग्रजीत, पण विषय गोव्याचा. शिवोलीच्या घरातच रेकॉर्डिंग, वाद्यं स्वतः वाजवलेली, गाणी स्वतः लिहिलेली. कॅसेटही त्यांनी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतःच पोहोचवल्या.

पुढे मोठ्या कंपन्या आल्या, 1995 मध्ये 'बॉम्बे' चित्रपटातलं 'हम्मा हम्मा' आलं, 2007 मध्ये पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रात आजही बहुतेक जण त्यांना 'हम्मा हम्मा'वाले म्हणूनच ओळखतात. पण त्या गाण्याची चाल ए. आर. रहमान यांची, रेमो तिथे गायक होते. 'गोअन क्रेझी' मात्र पहिल्या सुरापासून शेवटच्या कॅसेटपर्यंत त्यांचा. गाजलं कोणतं यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांचं कोणतं, हे विचारलं तर उत्तर सोपं आहे.

घरी केलेला अल्बम 'हलका' का वाटतो?

यामागे थोडं तंत्रही आहे. त्या काळी घरगुती रेकॉर्डिंग चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर व्हायचं. ट्रॅक म्हणजे टेपच्या पट्टीवरच्या समांतर वाटा. एका वाटेवर गिटार भरायची, टेप मागे घ्यायची, कानाला हेडफोन लावून दुसऱ्या वाटेवर आवाज भरायचा. चारही भरायला आल्या की पहिल्या तिन्ही एकत्र करून चौथ्या वाटेवर उतरवायच्या आणि रिकाम्या झालेल्या तीन पुन्हा वापरायच्या. यात दोन अडचणी होत्या. एकदा एकत्र केलेल्या वाद्यांचा आवाज नंतर वेगवेगळा कमी-जास्त करता यायचा नाही. आणि प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढायची.

शिवाय बँडमध्ये चार जण एका खोलीत एकमेकांकडे बघत वाजवतात. ड्रमवाला जरा पुढे सरकला की गिटारवाला सावरून घेतो. एकटा माणूस स्वतःच्याच आधीच्या रेकॉर्डिंगवर वाजवतो, तेव्हा ही देवाणघेवाण होत नाही. 'बँडचं वजन नाही' ही चाहत्यांची तक्रार म्हणूनच अगदीच खोटी नसते. पण ती यंत्राची आणि पद्धतीची मर्यादा आहे. गाण्याचा कस त्यावरून ठरत नाही. आज साध्या मोबाइलवर चारपेक्षा कितीतरी जास्त ट्रॅक मिळतात, त्यामुळे आजच्या कलाकाराला ती सबबही उरलेली नाही.

मग गाणं कायद्याने कुणाचं?

टपरीवरच्या वादात दोघंही एका गाण्याला एकच मालक आहे असं धरून चालतात. कायदा तसं मानत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार एका गाण्यात वेगवेगळे हक्क असतात:

• शब्द : गीतकाराचा हक्क.
• चाल : संगीतकाराचा हक्क.
• रेकॉर्डिंग : ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करून घेतलं, त्या निर्मात्याचा हक्क.
• सादरीकरण : गायक आणि वादक या दोघांचाही हक्क. तो 50 वर्षं टिकतो.

2012 च्या दुरुस्तीने यात दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येत नाही. आणि सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर कलाकारालाही रॉयल्टी मागता येते. कायद्यातल्या 'कलाकार' या शब्दात गायकाबरोबर वादकही येतो, हे अनेक वादकांनाच ठाऊक नसतं.

आता बँड सोडणाऱ्याकडे पाहा. आवाज त्याच्याबरोबर जातो, कारण तो त्याच्या गळ्यात आहे. चाल त्याची असेल तर तीही जाते. चाल दुसऱ्याची असेल तर आवाज कितीही गाजला तरी ती मागेच राहते. आणि चाल सगळ्यांनी बसून बांधली असेल, कुणाचं काय हे वेगळं काढता येत नसेल, तर ती सगळ्यांची. खरी भांडणं इथे होतात, कारण गाणं बांधताना कुणी काही लिहून ठेवलेलं नसतं.

तीर्थपुरीचा याच्याशी काय संबंध?

रॉक बँड इथे नसतील, पण पार्ट्या आहेत. लग्नसराईतला बँड, बँजो पार्टी, 14 एप्रिलला भीमगीतं गाणारी गायन पार्टी, सप्ताहातलं भजनी मंडळ. चांगला गळा असलेला गायक दोन-तीन हंगामांनी बाहेर पडतो, स्वतःची पार्टी काढतो आणि पुढच्या हंगामात गावात दोन बॅनर लागतात. ऐकणारे लगेच वाटले जातात. एक गट म्हणतो, "पार्टी त्याच्यामुळेच होती." दुसरा म्हणतो, "वर आला आणि विसरला."

बाहेर पडणं म्हणजे गद्दारी नव्हे. स्वतःचं काही करावंसं वाटणं, सुपारीतला वाटा कमी वाटणं, नवी गाणी गायची इच्छा असणं, ही सगळी कारणं रास्त आहेत. हॅरिसन बाहेर पडला नसता तर त्याची साठलेली गाणी साठलेलीच राहिली असती. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गायक जुन्या पार्टीत बसवलेलं गाणं यूट्यूबवर टाकतो, शीर्षकात फक्त स्वतःचं नाव लिहितो. ज्याने शब्द लिहिले, ज्याने हार्मोनियमवर चाल शोधली, ज्याच्या ढोलकीने त्या गाण्याला उठाव दिला, त्यांची नावं वर्णनातही नसतात. गाणं लाखभर लोकांनी पाहिलं तरी त्यांच्यापर्यंत ना नाव पोहोचतं ना पैसा. मेमरी कार्डाच्या काळात फाइलच्या नावात जागा नव्हती, हे एक वेळ समजण्यासारखं होतं. आज वर्णनाच्या चौकटीत जागाच जागा आहे.

उपाय खर्चिक नाही. गाणं बसलं त्याच दिवशी वहीत तारीख टाकून शब्द कुणाचे, चाल कुणाची, कोण काय वाजवतं एवढं लिहायचं, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि पानाचा फोटो पार्टीच्या ग्रुपवर टाकून ठेवायचा. उद्या कुणी बाहेर पडलं तर काय बरोबर न्यायचं आणि काय विचारून न्यायचं, हे त्या पानावरून कळेल.

वाद घालण्याआधी तीन प्रश्न

1. गाणं लिहिलं कुणी, चाल कुणाची? फक्त आवाजावरून मालकी ठरवू नका.
2. बँडमध्ये जे जमलं नसतं, ते या अल्बममध्ये आहे का?
3. बँडचं नाव काढून टाकलं तरी हा अल्बम पुन्हा ऐकावासा वाटतो का?

या कसोटीवर 'जलपरी'चं मोल 'आदत'वरून ठरवू नये, कारण ते गाणं दोन्ही अल्बममध्ये आहे. जी गाणी एकट्या आतिफच्या अल्बममध्ये आहेत, त्यांच्यावरून ठरवावं. 'जल'लाही तोच न्याय. म्हणजे टपरीवरच्या दोघांनाही आधी दोन्ही अल्बममधली उरलेली गाणी ऐकावी लागतील. तोवर आणखी दोन कप चहा सांगायला हरकत नाही.