वकील समोरच्या बाजूला उभा असतो

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडं लहानपणापासून कानावर घालतात. बांधासाठी भांडणाऱ्यांना ते लागू आहेच. वीतभर बांधापायी एकरभर जमीन विकलेले भाऊ मी बघितलेत. पण घरावर बँकेची नोटीस आली की हीच म्हण माणसाला घराबाहेर काढते, असं माझं स्पष्ट मत आहे.

बँक ही म्हण पाळत नाही. आपल्याला येणाऱ्या नोटिशीमागं बहुतेक वेळा वकीलच असतो. आणि वसुलीचा खर्च कायद्यानं कर्जदाराच्याच बोकांडी बसतो. म्हंजे वकिलाचे पैसे आपण देतोच, फक्त तो समोरच्या बाजूला उभा असतो!

सरफेसी कायदा 2002 सालचा. घर गहाण असलं की बँकेला आधी दावा लावून निकाल घ्यावा लागत नाही. नोटीस, 60 दिवस, मग ताबा, मग लिलाव. आपण म्हणतो, कोर्टाचं समन्स येऊ दे, मग बघू. ते येतच नाही. दिवाणी कोर्टाचा रस्ता या कायद्यानं जवळजवळ बंदच केलाय. मात्र त्या 60 दिवसांत लेखी हरकत दिली, तर ती मान्य नसल्यास बँकेला 15 दिवसांत कारणं कळवावी लागतात. ताब्याची कारवाई झाल्यावर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हंजे डीआरटीत, अर्ज करता येतो. लिलावाची जाहीर नोटीस निघण्याआधी सगळी बाकी भरून घर सोडवता येतं. हे पारावर बसणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं?

आमच्याकडं नोटीस न घेणं हीच हुशारी. पोस्टमनला सांगायचं, मालक परगावी गेलेत. मालक गोठ्यात. वस्तीवरच्या एकानं असंच केलं. नोटीस दाराला चिकटली, पेपरात छापून आली, दिवस मोजले गेले. हा मात्र पुढाऱ्याच्या बंगल्यावर खेटे घालत होता. तिथं चहा मिळायचा, "साहेबांशी बोलतो" असं ऐकायला मिळायचं. वकिलाकडं गेला तो पोलीस दारात आल्यावर. लिलावाची जाहिरात तोवर निघून गेलेली.

चांगल्या वकिलानं आधी बाकीच तपासली असती. मुद्दल-व्याजाच्या 20 टक्क्यांहून कमी बाकी असेल, तर हा कायदा चालत नाही. शेतजमिनीवरही चालत नाही. बँक दुसऱ्या मार्गानं येईल, पण तो लांबचा.

फी परवडत नाही म्हणता? बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींनाही, आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या इतरांनाही. 1987 चा कायदा आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडं चौकशी करा. घराच्या कर्जावर बायकोची सही घेतलेली असतेच की. मग तिलाच पुढं जाऊ द्या.

वकील सगळे सारखे नसतात, हेही खरं. "हप्ते भरू नका, मी स्टे आणतो" म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून चप्पल घालून सरळ बाहेर या. दुसरा बघा. जाताना कर्जाचा करार, खातेउतारा आणि नोटीस न्या, पाकिटासकट. त्यावरच्या शिक्क्याची तारीख वकील आधी बघतो, आणि आमच्याकडं पाकीट चुलीत जातं.