मुतखड्याची कळ आणि पाचवे शील

मुतखड्याची कळ ज्याने सोसली त्यालाच ती ठाऊक. बरगडीखाली पाठीत ती उठते आणि कुशीतून जांघेपर्यंत उतरते. माणूस गडबडा लोळतो, ओकतो, घामाने भिजतो. अशा वेळी आपल्या घरांतून दोन बोल हमखास ऐकू येतात. एक, 'मागल्या जन्मीचे भोग, सोसा.' दुसरा, 'अफूच्या औषधाचे इंजेक्शन घेतले तर शील मोडेल, वर सवय लागेल.'

पहिल्या बोलाला उत्तर सोपे आहे. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत खडा अडकतो, लघवी तुंबते, मूत्रपिंडावर ताण येतो. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढून वेदना आणखी तीव्र होते. यात मागला जन्म कोठे आला? दुःखाला कारण असते आणि कारण कळले की उपाय सापडतो, हीच तर तथागतांची शिकवण.

डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन नेमके या द्रव्यांना आवर घालते. म्हणून बहुतेक रुग्णांना आधी तेच देतात. कतारमधील दोहा येथे १६४५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या तासात वेदना निम्म्यावर किंवा त्याखाली आलेले रुग्ण डायक्लोफेनॅकने ६८ टक्के, शिरेतून दिलेल्या पॅरासिटामॉलने ६६ टक्के आणि मॉर्फिनने ६१ टक्के होते. तेव्हा 'भारी इंजेक्शनच द्या' असा हट्ट धरू नये. पेथिडिनने तर उलट्यांचा त्रास अधिक होतो.

परंतु मूत्रपिंड अधू असेल, जठरात व्रण असेल, हृदयविकार असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील, तर डायक्लोफेनॅक चालत नाही. काहींना त्याने उतारही पडत नाही. तेथे डॉक्टर मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल मोजून देतात. दवाखान्यात देखरेखीखाली घेतलेल्या एकदोन मात्रांनी व्यसन जडण्याची भीती फार थोडी असते.

आणि शील? पाचवे शील प्रमादाला कारण होणाऱ्या नशेपासून आपल्याला दूर ठेवते. विनयपिटकातील महावग्गात आजारी भिक्खूसाठी औषधी तेलात मद्य घालण्याची अनुज्ञा आहे. मात्र मद्याचा रंग, वास, चव जाणवू नये इतकेच. औषध आणि नशा यांतला भेद तेथेच स्पष्ट होतो. हीच औषधे चिठ्ठीविना मिळवून घरी साठवली आणि मनाला येईल तेव्हा घेतली, तर मात्र तो प्रमादच. ट्रामाडॉलही २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे.

कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, मूत्रपिंड एकच असेल, बाई गरोदर असेल किंवा साठीनंतर अशी कळ प्रथमच आली असेल, तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका. थेट मोठे रुग्णालय गाठा. कळ चालू असताना तांब्यावर तांब्या पाणी पाजूनही खडा वाहून जात नाही. पाण्याचे काम पुढचे आहे. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी नित्य पिण्यात राहिले, तर नवा खडा होण्याचा संभव कमी होतो.

शेवटी एकच विनंती. सून कळवळली तर 'नाटक करते' म्हणू नका, आणि मजूर भाऊ रस्त्यात लोळत असेल तर 'प्यायला असेल' म्हणून पुढे जाऊ नका. आजारी भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले होते. आपण निदान त्याच्या वेदनेवर विश्वास तरी ठेवू या.

जयभीम!