पद्धत उघडी, किल्ली गुप्त

हिंगोली, वसमत वा कळमनुरी येथे संगणक शिकणारा विद्यार्थी आज थोड्याशा ओळींत गुप्तलेखनाची आज्ञावली रचू शकतो. एका अक्षराच्या जागी दुसरे येते. उलट क्रिया केली की मूळ मजकूर परत मिळतो. शिकण्यासाठी हा उद्योग स्वागतार्हच आहे. परंतु संघटनेचा पत्रव्यवहार अशा घरगुती साधनावर सोपवावा काय, हा प्रश्न निराळा आहे.

त्याचे उत्तर मराठीच्याच इतिहासात आहे. तेराव्या शतकात चक्रधरांनी लोकभाषेत धर्म सांगितला; पुढे त्यांच्याच महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. ठरलेल्या अक्षराला ठरलेली खूण, हीच सकळेची मूळ युक्ती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती उलगडली. तोवर लीळाचरित्रासारखे गद्य सामान्य मराठी वाचकाला शतकानुशतके पारखे राहिले होते. कुलूप जाणकारापुढे टिकले नाही. लोकांपुढे मात्र टिकले.

अशा अदलाबदलीत भाषेची सवय लपत नाही. मराठीत वारंवार येणाऱ्या अक्षराची खूणही तितक्याच वेळा येते, आणि मोजणाऱ्याला तेवढा धागा पुरतो. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली, हे तत्त्व ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच मांडले. म्हणून जगभरच्या तज्ज्ञांनी उघडपणे तपासलेली पद्धतच विश्वासार्ह होय.

यातील राजकारणही कार्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तथापि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ अन्वये शासन गुप्त मजकूर उलगडून मागू शकते. साहाय्य नाकारणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शासनाच्या स्वतःच्या गुपितांना मात्र १९२३ च्या परकीय राजवटीतील कायद्याचे कवच आहे!

मालकाच्या नजरेपासून सभासद मजुरांची नावे राखणे हा गुन्हा नव्हे, ते संघटनेचे कर्तव्य आहे. त्यासाठी कसलेले कुलूप वापरावे. परंतु संघटनेचे हिशेब, ठराव आणि मतभेद त्याच कुलपाआड गेले, तर लोकांसाठी निघालेला विचार पुन्हा मूठभरांच्या लिपीत बंद होईल. दुर्बळाचे खाजगी ते गुप्त, सत्तेचे सार्वजनिक ते उघड. समाजवाद्यांनी हा क्रम आधी आपल्या घरात पाळावा आणि मगच शासनाकडे मागावा.