जूनमध्ये आलेली मुलं जानेवारीत कुठे जातात?

तालुक्याच्या गावातल्या लहान अनुदानित महाविद्यालयांचा विषय निघाला की हल्ली चार वाक्ये ठरलेली असतात. फी तर नावालाच आहे. शिष्यवृत्त्यांना तोटा नाही. ज्याला शिकायचंय तो शिकतोच. आणि एवढे असूनही वर्ग रिकामे राहत असतील, तर ही महाविद्यालये बंद करा, नाहीतर मोठ्यांत विलीन करा. असे बोलणाऱ्यांत याच महाविद्यालयांतून पदवी घेऊन पुढे गेलेली माणसेही असतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ही चारही वाक्ये प्रवेशाच्या खिडकीपासून फार लांब बसून रचलेली आहेत.

मी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या अशाच एका महाविद्यालयात शिकवतो आणि बरीच वर्षे प्रवेश समितीवर काम करतो आहे. आमच्याकडे मुले येत नाहीत हे अर्धेच खरे आहे. मुले येतात, पण टिकत नाहीत. अभ्यास झेपत नाही म्हणून सुटणारी थोडी असतात. बाकीची सुटतात, कारण त्यांच्या नावाने मंजूर झालेला पैसा गरज सरल्यावर पोचतो. बैल गेला आणि झोपा केला, अशी आपल्या मदतीची रीत झाली आहे.

पहिले वाक्य घेऊ. कला शाखेच्या अनुदानित तुकडीची फी खरोखरच कमी आहे, हे मान्य. पण फी कमी म्हणून शिक्षण स्वस्त, हे मान्य नाही. गेल्या जूनमध्ये एक मुलगी आईबरोबर खिडकीशी आली. बारावी कला, पहिला वर्ग. सगळे कागद सरकीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घडी घालून आणलेले. मी फीचा तक्ता पुढे सरकवला. आईने तो पाहिलाही नाही. तिने विचारले, "गाडीभाडं किती पडंल, सर?"

त्या माउलीचा हिशेब आमच्या तक्त्यापेक्षा पक्का होता. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत मिळतो. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. बारावी झाली की तो बंद. पुढे सवलतीचा पास मिळतो, तिसरा हिस्सा भाडे भरून. पण कालपर्यंत जिथे काहीच लागत नव्हते, तिथे दर महिन्याला रोख पैसे काढावे लागतात. त्यात परीक्षा शुल्क, पुस्तके, झेरॉक्स, कुणाला खोलीभाडे आणि डबा. आणि सर्वांत मोठा खर्च तर कुठल्याच पावतीवर येत नाही. अठरा वर्षांची मुलगी वर्गात बसते, तेव्हा वेचणीच्या दिवसांत घरातला एक रोज बुडतो. फी नावालाच आहे म्हणणाऱ्यांनी हा बुडालेला रोज कधी मोजला आहे का?

मुलींना उच्च शिक्षण मोफत झाले, असेही मला ऐकवले जाते. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय चांगला आहे, मी त्याचे स्वागतच करतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क त्याने माफ केले. पण त्याचा रोख व्यावसायिक अभ्यासक्रमांवर आहे. आमच्याकडे बी.ए.ला येणाऱ्या मुलीची अडचण मुळात शुल्काची नाहीच. तिची अडचण घर ते वर्ग या अंतराची आहे.

दुसरे वाक्य: शिष्यवृत्त्यांना तोटा नाही. यादी लांब आहे, हे खरे. त्यातली सर्वांत मोठी योजना पाहू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बी.ए.सारख्या पदवीला घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा भत्ता वर्षाला ३,००० रुपये ठरला, म्हणजे महिन्याला २५०. वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ६,०००. रक्कम तुटपुंजी आहे, पण आज माझे भांडण रकमेशी नाही. ती कधी मिळते, याच्याशी आहे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, त्याआधी तलाठ्याचा अहवाल. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, मध्ये वर्ष गेले असेल तर प्रतिज्ञापत्र. हे सगळे सेतू केंद्रातून, आणि नेमके जून-जुलैत, जेव्हा तिथे अख्ख्या तालुक्याची रांग असते. मग महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज. ओटीपी येतो वडिलांच्या मोबाईलवर आणि वडील असतात रानात. अर्ज आमच्या क्लार्कच्या लॉगिनला, तिथून प्राचार्यांच्या, तिथून जिल्ह्याच्या कार्यालयात. आधारवरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव एका अक्षराने वेगळे निघाले की अर्ज परत. पोरगी पुन्हा सेतूच्या रांगेत. या सगळ्यातून सुटलेला पैसा पुष्कळदा वार्षिक परीक्षेच्या आसपास किंवा त्यानंतर जमा होतो.

जमा झाला तरी कुठे? दोन वर्षांपूर्वी एक मुलगा दर आठवड्याला येऊन विचारायचा, माझी शिष्यवृत्ती का आली नाही? संकेतस्थळावर रक्कम दिल्याची नोंद होती. शेवटी बँकेतल्या एका कर्मचाऱ्याने आधार तपासून सांगितले की पैसे दुसऱ्याच खात्यात गेले आहेत. सिमकार्ड घेताना मोबाईलच्या दुकानात अंगठा लावला, तेव्हा त्याच्या नावाने ते खाते उघडले होते. रक्कम आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. ही आमची चूक होती, आणि ती दहा मिनिटांत टाळता आली असती.

आणखी एक गाठ आहे. २०२१-२२ पासून या शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात महाविद्यालयाचे शुल्कही असते आणि ते त्याने सात दिवसांत भरायचे असते. पैसा थेट हातात देण्यामागची भावना चांगली आहे. पण ज्या घरात वर्षभराची उधारी चढली आहे, तिथे उशिरा आलेले ते पैसे आधी किराणा दुकानात जातात. मग महाविद्यालय थकबाकीसाठी गुणपत्रिका अडवते आणि मुलगा पुढच्या प्रवेशालाच मुकतो. ज्या मदतीने त्याला वर्गात आणायचे, तिनेच त्याला कर्जदार करून बाहेर काढावे, हे मला सहन होत नाही.

तिसरे वाक्य मला सर्वांत जास्त टोचते: ज्याला शिकायचंय तो शिकतोच. हे म्हणताना पुष्कळ जण बाबासाहेबांचे नाव घेतात. मग त्यांचे चरित्र नीट आठवू या. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले ते दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन. दरमहा, हा शब्द इथे महत्त्वाचा. आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडले. जिद्दीत आणि बुद्धीत त्यांच्या जवळपास जाणारा माणूस दाखवा. त्यांचाही अभ्यास पैसा थांबला तेव्हा थांबला. मग डोंगरपट्ट्यातल्या सामान्य कुवतीच्या पोराने केवळ जिद्दीवर तग धरावा, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच मुद्दा वेगळ्या अंगाने मांडला होता. शिष्यवृत्त्या फक्त चढाओढीवर दिल्या, तर ते वरवर न्याय्य दिसते, पण ज्या वर्गांत शिक्षण पोचलेच नाही त्यांच्यापर्यंत ते पसरत नाही. त्या वर्गांसाठी काही शिष्यवृत्त्या राखल्या पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. आज चढाओढ गुणांची राहिलेली नाही, कागदांची झाली आहे. ज्याच्या घरात फॉर्म भरणारे कुणी आहे तो पुढे जातो, आणि ज्याच्यासाठी योजना काढली तो रांगेत राहतो.

हजेरीचेही तसेच. शिष्यवृत्तीला ७५ टक्के उपस्थिती लागते. नियम म्हणून तो योग्यच आहे. शिक्षक म्हणून मला वर्ग भरलेला हवा असतो. पण आमच्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आई-बाप फडावर गेले की मोठ्या मुलीच्या अंगावर घर, धाकटी भावंडं आणि जनावरं येतात. तिची उपस्थिती कमी भरते, म्हणून भत्ता अडतो. भत्ता नाही, म्हणून ती उरलेले दिवसही येत नाही.

आता चौथे वाक्य. लहान महाविद्यालये बंद करा. याला राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचाही आधार दिला जातो. २०२० च्या त्या धोरणात तीन हजार किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या बहुशाखीय संस्थांची कल्पना आहे. मोठ्या संस्थेत प्रयोगशाळा, ग्रंथालय, विषयांची निवड जास्त असते, हे मी नाकारत नाही. आमच्या महाविद्यालयांतले दोषही झाकत नाही. जागा वर्षानुवर्षे रिक्त आहेत, तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना मानधनाची वाट पाहावी लागते, काही ठिकाणी पटावरची संख्या आणि बाकावरची संख्या जुळत नाही. जिथे शिकवलेच जात नाही ते महाविद्यालय वाचवा, असे मी म्हणणार नाही.

पण त्याच धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातले एकूण नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे ठरवले आहे. केंद्राच्या २०२१-२२ च्या पाहणीत महाराष्ट्राचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होते. ही वाढ कुठून येणार? पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत महाविद्यालयांची वाण नाही. ती येणार आहे सरकीच्या पिशवीत कागद आणणाऱ्या मुलींमधून. पंधरा किलोमीटरवरचे महाविद्यालय बंद करून साठ किलोमीटरवरचे मोठे केले, तर तिच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर चौपट होते. शिवाय संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर काय, हा प्रश्न वाढतो, आणि तो प्रश्न पडला की आमच्याकडे मुलीचे लग्न ठरते.

मग करायचे काय? नवे काही शोधायची गरज नाही; याच मातीत ते करून दाखवले गेले आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि पुढे अनेक जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. तिथले छत्रपती शिवाजी महाविद्यालय आले १९४७ साली, तेही 'कमवा आणि शिका' या पायावर. हा क्रम पाहा. आधी चूल, मग फळा. मूल राहील कुठे, खाईल काय, हे सोडवल्यावर त्यांनी वर्ग भरवले. आपण वर्ग भरवतो आणि चुलीचा हिशेब वर्षअखेरीला बघू म्हणतो.

तो क्रम पुन्हा सरळ करता येईल. मे महिन्यात तलाठी, सेतूचा चालक आणि बँकेचा माणूस चार दिवस महाविद्यालयात येऊन बसावा. दाखले तिथेच निघावेत, खात्याची आधार-जोडणी तिथेच तपासली जावी. प्रवेशाच्या वेळी हंगामी छाननी करून भत्त्याचा पहिला हप्ता त्याच महिन्यात द्यावा आणि पुढचे दर महिन्याला. सविस्तर तपासणी नंतर होऊ शकते. शुल्काचा हिशेब शासनाने थेट महाविद्यालयाशी करावा आणि थकबाकीपोटी कुणाचीही गुणपत्रिका अडवू नये. मुलींचा मोफत एसटी पास पदवीपर्यंत चालू ठेवावा. टोळीवर गेलेल्या घरांतल्या मुलांसाठी हजेरीचा नियम भरून काढण्याची सोय असावी: सुट्टीतले वर्ग, जादा तास. ते आम्ही शिक्षक घेऊ. आणि महाविद्यालयाला जोखायचेच असेल तर जूनच्या पटाबरोबर मार्चमध्ये परीक्षेला बसलेली संख्याही धरावी.

पैसा कुठून आणायचा, असे कुणी विचारील. पासाचा थोडा जादा बोजा सोडला, तर यातला बहुतेक पैसा आजही अंदाजपत्रकात आहे. तो खर्चही होतो. फक्त ज्या महिन्यात त्याने मूल वर्गात राहिले असते, त्या महिन्यात तो नसतो.

गेल्या जूनमधल्या त्या मुलीने प्रवेश घेतला होता. दिवाळीपर्यंत ती नियमित येत होती, पहिल्या बाकावर बसायची. नंतर आठवड्यातून दोन दिवस, आणि जानेवारीत तिच्या नावापुढे रोज गैरहजर. फोन केला, तर पासाचे पैसे जमले नाहीत एवढेच कळले. तिचा वर्षाचा भत्ता परीक्षा संपल्यावर जमा झाला. ती परीक्षेला बसली नव्हती. तिचे नाव आमच्या रजिस्टरात अजून आहे, आणि या जूनमध्ये मी तिच्या गावी जाऊन तिला परत ये म्हणणार आहे. तिची आई पुन्हा तेच विचारील. या वेळी मला फीचा तक्ता पुढे सरकवायचा नाही. गाडीभाड्याचे उत्तर द्यायचे आहे.